दाराबाहेरची खुर्ची

सान्वी घरी बोलायला लागली की थांबत नाही. दात घासताना तोंडात फेस असतो तरी बोलते, झोपेतसुद्धा धाकट्या भावाला दटावते. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत कुणाकडे काय शिजलंय, हे हिच्यामुळे सगळ्यांना कळतं. सासूबाई म्हणतात, "हिच्या तोंडाला झाकण आणा रे कुणीतरी बाजारातून."

आणि हीच सान्वी शाळेत एक शब्द बोलायची नाही. बाईंशी नाही, मुलांशी नाही, पाणी देणाऱ्या मावशींशीही नाही.

पहिलीत वाटलं, लाजते. दुसरीत दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस तिला बाकावरच सू झाली. लागलीय हे सांगता आलं नाही. मग पुन्हा एकदा तेच झालं. शेजारची मुलगी उठून दुसऱ्या बाकावर बसली, मागची मुलं नाकाला रुमाल लावायला लागली. मोठ्या बाईंनी मला आणि माझ्या नवऱ्याला, रत्नदीपला, बोलावून घेतलं. चहा दिला, गोड बोलल्या, पण सांगायचं ते सांगितलंच, "असंच चालू राहिलं तर पुढच्या वर्षी तिला झेपेल अशी वेगळी शाळा बघा."

रिक्षात रत्नदीप म्हणाला, "झेपेल म्हणजे? घरी तर ती आपल्याला झेपत नाही!" मी हसले आणि हसता हसता रडायलाच लागले. रिक्षावाला आरशातून बघत राहिला.

शेजारच्या गोदूबाई म्हणाल्या, "नजर लागलीय पोरीला. आंबिवलीला एक जण आहेत, धागा देतात."

"गोदू, आमच्यात असलं कुणी मानत नाय," सासूबाई म्हणाल्या. "आणि नजर लागायचीच तर माझ्या चहाला लागली असती. तू रोज बघतेस त्याच्याकडं."

धागा राहिला. पण दुसरं काय करायचं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. नीला बाईंनी, म्हणजे सान्वीच्या वर्गशिक्षिकेनं, सांगितलं, "आठवड्यातून दोनदा समुपदेशक मॅडम येतात. भेटा तरी."

समीक्षा मॅडम माझ्याच वयाच्या निघाल्या. त्यांची खोली म्हणजे अर्धी खेळाच्या सामानाची खोली. एका कोपऱ्यात लेझीम टांगलेली, दुसऱ्यात फाटका ढोल, मधे एक सतरंजी. मी त्यांना मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला. त्यात सान्वी भाजीवाली झाली होती आणि आजीला म्हणत होती, "घ्यायचं तर घ्या मावशी, नुसती दाबून बघू नका."

मॅडम खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "ती हट्ट करत नाहीये. तिला बोलायचंय, पण शाळेत आली की भीतीनं आवाजच फुटत नाही. तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"पालीची," मी म्हणाले. "पाल दिसली की मी घरात पाऊल टाकत नाही."

"मग तुम्हाला कुणी म्हटलं, पालीला हात लाव, चॉकलेट देते, तर?"

आम्ही सगळ्यांनी तिला तेच तर म्हटलेलं. बोललीस तर सायकल, बोललीस तर आईस्क्रीम.

"तुम्हाला काय हवंय?" त्यांनी विचारलं.

"वर्गात कविता म्हणू दे. उत्तरं देऊ दे. मैत्रिणी—"

"मला एवढंच हवंय, की तिला लागली तर तिनं बाईंना सांगावं. बाकी मागून येईल."

मग सुरू झालं ते काम मला आधी कामच वाटेना. वर्ग सुटल्यावर मी आणि सान्वी त्या खोलीत बसायचो, दार बंद करून, सापशिडी खेळायचो. मॅडम बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून आपले कागद चाळत बसायच्या. बस्स. सासूबाईंनी विचारलं, "आज काय केलं मॅडमनी?" मी म्हटलं, "खुर्चीवर बसल्या." "बरंय बाई," त्या म्हणाल्या, "मला पण लावा तिथं कामाला."

बंद दाराआड सान्वी आधी कुजबुजायची. मग हळूहळू तिचा घरचा आवाज यायला लागला. तसं मॅडमनी दार जरा किलकिलं ठेवलं. ती गप्प झाली, पुन्हा सुरू झाली. मग दार उघडं. मग खुर्ची उंबऱ्यावर. मग खोलीत, पण आमच्याकडे पाठ करून. घाई म्हणून नव्हतीच त्या बाईला. मला मात्र वर्ष संपत आलेलं दिसत होतं. बाळाला सासूबाईंकडे टाकून मी दर वेळी शेअर रिक्षा पकडत होते आणि मनात म्हणत होते, अहो, जरा सरका की लवकर.

एक दिवस मॅडम सतरंजीवर आमच्यात येऊन बसल्या. सान्वीकडे बघितलंही नाही. "मला हिरवी सोंगटी," एवढंच बोलल्या. सान्वी फासा टाकायची, सोंगटी सरकवायची, तोंड घट्ट मिटलेलं. मॅडमचे चार पडले आणि त्यांनी पाच घरं मोजून सोंगटी थेट शिडीखाली नेऊन ठेवली.

सान्वीचे कान लाल झाले. खेळात कुणी चिटिंग केली की हिच्या अंगाचा तिळपापड होतो. तिनं माझ्याकडे बघितलं. मी फाशाकडे बघत राहिले.

"चार होते," सान्वी म्हणाली.

मला उठून नाचावंसं वाटलं. मॅडमनी मान वर केली नाही. "हो की," म्हणत सोंगटी एक घर मागे घेतली. "तुझा डाव."

नंतर मी दारात विचारलं, "मुद्दाम केलंत ना?"

"छे हो," त्या म्हणाल्या, "माझं गणित लहानपणापासून कच्चं." आणि डोळे मिचकावले.

पुढे खेळात नीला बाईंना घ्यायचं ठरलं. रिटायर व्हायला आलेल्या, मायाळू बाई. पर्समध्ये कायम मुलांसाठी काहीतरी असायचं, त्या दिवशी बोरं होती. मॅडमनी त्यांना आधी समजावलेलं, की ती बोलली तर काहीच झालं नाही असं वागायचं. बाईंनी मान डोलावलेली. पण डाव रंगला, बाईंची सोंगटी मोठ्या सापाच्या तोंडात गेली आणि सान्वी फिस्सकन हसून म्हणाली, "बाई, तुम्हाला चावला!"

"अगं माझी बाय!" नीला बाईंनी तिला छातीशीच धरलं. "बोलली! अहो, बोलली!" टाळ्या काय, पापे काय. दारातून दुसऱ्या बाईंना हाक मारली, मावशी धावत आल्या. सगळे सान्वीभोवती गोळा झाले, सगळे हसत होते, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. कुणीतरी म्हणालं, "आता आणखी एकदा बोलून दाखव, बाळा."

ती सुटून माझ्या मांडीत शिरली, तेव्हा तिचं अंग लाकडासारखं कडक झालेलं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत जायलाच तयार होईना. गेली तर त्या खोलीत माझ्याशीही बोलेना. सगळं पाण्यात गेलं. मला नीला बाईंचा इतका राग आलेला, की समोर दिसल्या तरी मी मान फिरवायचे.

मॅडम मात्र त्यांना एक शब्द बोलल्या नाहीत. बाईच आपण होऊन आल्या. ढोलाशेजारी उभ्या राहून पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "आयुष्यभर पोरांना शिकवलं. पोरगं पुढं आलं की शाबास म्हणायचं, एवढंच मला येतं गं. आता गप्प बसायला शिकवा मला."

"तुमची शाबासकी तिला आवडते, बाई," मॅडम म्हणाल्या. "पण तेव्हा सगळे तिच्याकडे बघतात ना, ते तिला सोसत नाही. पुन्हा दारापासून करू."

पुन्हा दार बंद. पुन्हा व्हरांड्यात खुर्ची. या वेळी मी मनातसुद्धा सरका म्हटलं नाही. या वेळी खुर्चीवर नीला बाई बसायच्या, घरून आणलेलं विणकाम घेऊन. दार उघडलं, खुर्ची आत आली, विणकामही आत आलं. बाई सतरंजीवर येऊन हरल्या, जिंकल्या, सापाच्या तोंडात गेल्या. सान्वी त्यांना चिडवायला लागली, तरी बाई आपलं "बरं, बरं" म्हणून फासा उचलायच्या. खाली बघून. ओठ दाबून.

मग खोलीतून वर्गात जायचं होतं, सगळ्या मुलांत. आधी मी शेवटच्या बाकावर, मग दारात, मग व्हरांड्यात खिडकीशी. वर्गात ती शेजारच्या मुलीच्या कानात काहीबाही पुटपुटायला लागली. बाईंशी मात्र मुलांसमोर अजून एक शब्द नाही.

त्या दिवशी मी खिडकीशीच होते. मुलं गणितं सोडवत होती, वर्गात कलकल चाललेली. सान्वीनं पाय एकमेकांत गुंतवलेले मला दिसले. ती पुढे झुकली, मागे झाली. तिला लागलेली. घशापर्यंत आलं माझ्या, बाई, तिला जायचंय, सोडा तिला. मी ओढणीचा बोळा तोंडावर धरला.

ती उठली. बाकांमधून चालत टेबलापाशी गेली आणि उभी राहिली. नीला बाई वह्या तपासत होत्या. ती उभीच. चड्डीत होतंय की काय, असं वाटून मी गज घट्ट धरले.

मग तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

बाईंचं लाल पेन वहीवर थांबलं. एक क्षण. मग त्यांनी मान खाली ठेवूनच डाव्या हातानं दाराकडे खूण केली आणि पेन पुढे चालू लागलं. वर्गात कुणी वर बघितलं नाही.

सान्वी दारातून सुसाट बाहेर आली आणि माझ्यावर आदळणार तेवढ्यात ओरडली, "आई, मधे काय उभी राहतेस? सरक ना, जोरात आलीय!"

अख्ख्या व्हरांड्यानं ऐकलं. तिसरीच्या वर्गातून कुणीतरी हसलं. मी भिंतीला चिकटून उभी राहिले आणि तिचे बूट पळत गेलेले ऐकले.

परत आली ती रमतगमत. ओले हात माझ्या ओढणीला पुसले आणि कपाळाला आठ्या घालून मला न्याहाळलं.

"तू अजून इथंच? घरी बाळ रडत असेल."

"मग जाऊ?"

"जा ना," ती म्हणाली. "मी येते सुटल्यावर. आणि आजीला सांग, मला भजी पाहिजेत."

आणि ती वर्गात गेली.