अर्धी बॉबिन

“हात लावू नका. आधी श्वास घेऊ द्या.”

शिवणयंत्रावर वाकलेल्या बाई एवढं बोलून तशाच राहिल्या. त्यांना उठवायला धावलेल्या नवऱ्याने, पोस्टमास्तरांनी, पुढे केलेले हात मागे घेतले. जन्मभर पोस्टाच्या खिडकीत तिकिटं विकून निवृत्त झाले, तरी गल्ली त्यांना पोस्टमास्तरच म्हणे.

आदल्या दिवशी त्यांना कधी नव्हे ती बायकोची दया आली होती. बारा वर्षं तिची कंबर दुखत होती, आणि ही मात्र यंत्राची बॉबिन, खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, कायम अर्धीच भरायची. भरलेल्या बॉबिनांचा डबाही पार खिडकीत ठेवायची. वीस मिनिटांत दोरा संपला की उठा, खिडकीशी जा, भिंतीला पाठ टेकून उभं राहा. या कंजूषपणाची त्यांनी आजवर यथेच्छ टिंगल केली होती. काल बाई बाजारात गेल्या, तेव्हा त्यांनी सगळ्या बॉबिना गच्च भरल्या, एक यंत्रात बसवली आणि डबा तिच्या हाताशी ठेवला. आज शाळेचे गणवेश शिवताना बाईंची तंद्री लागली, पाऊण तास दोरा संपलाच नाही, आणि कंबर धरली.

जमिनीवर पाठ टेकून, पाय स्टुलावर ठेवून पडल्यावर बाई हळूहळू बोलू लागल्या. दुखणं जाणार नाही, हे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरणीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते उठायच्या आधी तुम्ही उठा, म्हणाली होती.

“गजर लावून पाहिला. तो बंद करून मी पुन्हा बसायचे, एवढी एक शिवण म्हणून. दोरा संपला की मात्र काही चालत नाही.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही चिडवायचात. तेवढंच घरात दुखण्याशिवाय काहीतरी बोलणं व्हायचं.”

पोस्टमास्तरांनी घरभर नजर फिरवली. घरातले पडदे, लेकीच्या बाळाची दुपटी, गल्लीतल्या निम्म्या पोरांचे गणवेश, सगळं हिने वीस-वीस मिनिटांनी शिवलं होतं. त्यांना ही बाई एकाएकी फार मोठी वाटली, आणि स्वतःची लाज वाटली.

“मला पुन्हा बसता येईल ना हो?” तिने विचारलं. दुपारभर ते एकेका बॉबिनवरचा निम्मा दोरा उलगडत बसले. खिडकीच्या कठड्यावर रंग उडून एक गोल पडला होता. डबा त्यांनी त्यात नेमका ठेवला.

पाचव्या दिवशी यंत्र सुरू झालं. वीस मिनिटांनी थांबलं. खुर्ची सरकली.

“संपली वाटतं एवढ्यात?” पेपरमागून पोस्टमास्तरांनी नेहमीसारखं विचारलं. पण विचारता विचारता ते उठून उभे राहिले, ऑफिसात मोठे साहेब आले की राहायचे तसे, आणि बाई खिडकीपासून परत येऊन बसेपर्यंत उभेच होते.