भरलेला फळा

संपाच्या सहाव्या दिवशी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, वाइंडर-घरातली घंटी वाजली. एकापाठोपाठ तीनदा.

टिकारामनं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि वर पाहिलं. घंटीची तार इलेक्ट्रिशियननं सकाळीच काढली होती. तिचं टोक भिंतीतल्या खिळ्याला गुंडाळलेलं समोरच दिसत होतं.

तीन घंट्या म्हणजे खाली पिंजऱ्यात माणसं बसली, वर ओढा. झरपाटच्या मँगनीज खाणीत तेहतीस वर्षं टिकारामनं हेच काम केलं होतं. घंटी ऐकायची, इंजिन फिरवायचं, पिंजरा वर आणायचा. पण आज खाली कुणी नव्हतं. ठेकेदारीतल्या कामगारांनी संप पुकारला होता. अकरा-अकरा वर्षं तीच माणसं खाली उतरत होती आणि दर वर्षी नव्या ठेक्यात नवी म्हणून लिहिली जात होती. कायम करा, एवढीच मागणी. आज कायम कामगारही त्यांच्या बाजूनं उभे राहणार होते, म्हणजे चार वाजता टिकाराम इंजिन बंद करणार होता. मग खाणीतलं पाणी उपसणारे पंपवालेही उतरू शकणार नव्हते.

पावणेचारला गजेंद्र आला. संपाचा पुढारी, वय एकतीस. हातात मोठं कुलूप. मागून ड्रिलवाला महागू.

"फळा भरला काका," गजेंद्र म्हणाला. "दोनशे बाराचे दोनशे बारा बिल्ले खिळ्यावर. चला, इंजन बंद करा."

उतरणारा माणूस फळ्यावरचा आपला पितळी बिल्ला काढून खिशात घालतो, वर आला की परत टांगतो. फळा भरलेला दिसला म्हणजे खाण रिकामी. तिथं यावर कुणी प्रश्न विचारत नाही.

"माणसं मोजली का?" टिकारामनं विचारलं.

"बिल्ले मोजले ना."

"बिल्ले नाही म्हनलं म्या. माणसं. एकेकाचं तोंड पाहून."

महागू हसला. "काकाले साहेबाचा फोन आला वाटते. टाइम खाऊन राह्यले."

"अर्धे लोक धान कापायले गेले, काका," गजेंद्र म्हणाला. "आता बांध्याबांध्यानं फिरून हजेरी घेऊ का? पाच मिनट में मीडियावाले आनेवाले हैं. तुमच्या हातानं इंजन बंद व्हावं, सगळ्यायची इच्छा आहे. तुमी अठ्ठ्याण्णवच्या संपातले मानूस."

"मी नाही बंद करत."

गजेंद्रचा आवाज बदलला. "काहून?"

टिकारामला उत्तर ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं त्यानं ते दातांमागं धरलं होतं. खाणीतले लोक त्याला मानत ते अठ्ठ्याण्णवच्या संपामुळं. तेव्हा साहेबांनी धमक्या दिल्या, तरी यानं इंजिनाला हात लावला नव्हता. आता तोंड उघडलं तर तो मान जाणार होता आणि समोरचा हा मुलगा, ज्याला त्यानं बारावीची पुस्तकं आणून दिली, तोही जाणार होता. नाही उघडलं तर कुलूप लागणार होतं.

"तवाही फळा भरला होता," तो म्हणाला. "अन् मानूस खाली होता."

महागूनं मान खाली घातली. तो माणूस कोण, हे तिथं सांगायची गरज नव्हती. चैतराम, गजेंद्रचा बाप. संप मोडून, पहाटे शिडीनं लपून पंप चालवायला उतरला, पाण्यानं शिडीची वाट बंद झाली आणि तो खालीच मेला. फितुराचा पोरगा हे नाव गजेंद्रनं शाळेपासून ऐकलं होतं. ते पुसायलाच तो पुढारी झाला, असं पाठीमागं लोक म्हणत.

"माह्या बापाचं नाव काहून काढून राह्यले, काका? बिल्ला फळ्यावर सोडून गेला, कोनाले दिसू नये म्हनून. वरच्याले कसं समजन? घंटी वाजली नाही, रिपोर्टात लिवलं आहे."

"रिपोर्टात म्या सांगितलं तेच लिवलं. घंटी वाजली होती."

बाहेर गेटवर लाउडस्पीकर तपासत होते. हॅलो, हॅलो.

"पहिल्यांदा वाजली तवा म्या फळा पाह्यला. सगळे बिल्ले जाग्यावर. मले वाटलं, साहेबाचा मानूस वरच्या लेव्हलवरून तार ओढून राह्यला. म्या इंजन फिरवलं की संप मोडला म्हनाले मोकळे. मग परत वाजली. इंजनाले हात नाही लावनार म्हनून म्या शपथ घेतलती. सात खेपा वाजली, गजेंद्र. दर खेपी तीन."

गजेंद्रनं कुलूप खिडकीत ठेवलं, खिशातून मोबाइल काढला आणि महागूला म्हणाला, "यादी आन."

दोघांनी मिळून फोन लावले. गेटवर बसलेल्यांना एकेक करून खिडकीसमोरून चालवलं. शेतातल्यांना व्हिडिओवर तोंड दाखवायला लावलं. कुणी विळा घेऊन, कुणी बैलाशेजारी उभा राहून दिसला. मीडियावाले आले आणि कंटाळून गेले. सव्वापाचला एक नाव उरलं, हिरालाल. तो आदल्याच महिन्यात साहेबाच्या बंगल्यावर दिसला होता. त्याचा फोन बंद होता, बिल्ला मात्र फळ्यावर होता. टिकारामनं इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवला.

पाच छत्तीसला हिरालालनंच फोन केला. तो लालबर्ऱ्याला साळीच्या साखरपुड्यात होता. "अरे भाऊ, बॅटरी डाउन झालती. काहून, कोन मेलं का?"

खाली कुणी नव्हतं.

टिकारामनं इंजिन बंद केलं. गजेंद्रनं कुलूप घातलं, किल्ली महागूकडं दिली आणि मोटारसायकल सुरू केली. "बसा," तो टिकारामला म्हणाला. काका म्हणाला नाही. "मायले तुमच्या तोंडानं सांगा."

सरिता अंगणात तांदूळ पाखडत होती. ऐन जवानीत खाणीच्या आवारात दगड निवडून तिची बोटं वाकडी झाली होती. टिकारामनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फळ्याचं, शपथेचं, सात खेपांचं. खाली पाहूनच सांगितलं. बोलणं संपलं तेव्हा सुपाचा आवाज थांबलेला होता.

"बिल्ला त्यानं नाही टांगला," ती म्हणाली.

गजेंद्रनं तिच्याकडं वळून पाहिलं.

"रातीच फळ्यावरून काढून आनला होता, जाताना खिशात घालूनच चालला होता. नेम तो नेम, म्हने. पंप बंद राह्यला तर खान बुडन, मग संप जिकून करता काय, असं त्याचं म्हननं. म्या म्हनलं, लोकायले समजलं तर वस्तीत राहू देनार नाहीत. म्या त्याच्या खिशातून काढला. सकाळी सहा वाजता जाऊन म्याच टांगला."

"वहिनी..."

"थांबा, भाऊजी. मले तवा डॉक्टरनं सांगितलं, पानी एकदम आलं, त्याले काई समजलं नसन. त्याच्यावर मी इतके वर्ष झोपली. आता तुमी सात खेपा म्हनून राह्यले." तिनं सूप बाजूला ठेवलं. "पहिली वाजली अन् सातवी वाजली. मधात किती वेळ गेला?"

गजेंद्रनं टिकारामकडं पाहिलं आणि हलकेच मान हलवली. सांगू नका.

टिकारामला मिनिटं पाठ होती. वाइंडरवाल्याच्या समोर भिंतीवर घड्याळ असतंच. दोन-चार मिनिटं म्हणता आलं असतं. पण त्या आकड्यावर ही बाई पुन्हा सत्तावीस वर्षं झोपली असती आणि जागा तो राहिला असता. की उलटं? त्याला ठरवता येईना. आजपर्यंत सगळं त्यानंच परस्पर ठरवलं होतं.

"दुपारी तीन वीसले पहिली," तो म्हणाला. "पावनेचारले शेवटची. पंचवीस मिनटं."

सरितानं ओठ हलवत हिशोब केल्यासारखं केलं.

"तीन वीसले आमी बाया गेटवर होतो," ती म्हणाली. "संपाचे गाने म्हनत होतो. आवाज खाली पडला की मीच ओरडत होती. जोरानं म्हना वं, अजून जोरानं."