बरोबरीचा एक गुण

आमच्या काष्टीत शनिवारी बाजार भरतो आणि रविवारी त्याच तळावर फुटबॉल होतो. मधल्या वेळात कुणालातरी जनावरांचं शेण उचलावं लागतं. चार वर्षं ते गनीभाई उचलत होता. गनीभाई म्हणजे स्टँडसमोरचा पंक्चरवाला. तरुणपणी तो नगरच्या कॅम्पात मेसमध्ये कामाला होता, तिथं जवानांबरोबर खेळून फुटबॉल शिकला, आणि गावी परत आल्यावर त्यानं टीम उभी केली. रविवारी उजाडताच तो खराटा आणि पाटी घेऊन मैदान साफ करायचा. सात वाजता आमचे शौकीन नाकाला रुमाल लावून यायचे आणि लांबूनच सांगायचे, "भाई, त्या कोपऱ्यात अजून हाय बगा."

मीही त्या शौकिनांतलाच. एसटीत कंट्रोलर होतो, आता रिटायर आहे. नाव ज्ञानेश्वर, म्हणून सगळे माऊली म्हणतात. टीमच्या जाळ्या माझ्या शेडमध्ये ठेवतात, एवढ्याच भांडवलावर मला अध्यक्ष केलेलं आहे. बाकीच्यांचं भांडवल याहून कमी. बन्सीचं मोबाईलचं दुकान आहे, तो रात्रंदिवस परदेशातल्या मॅचेस बघतो आणि कोचला कोच न म्हणता मॅनेजर म्हणतो. मच्छिंद्र पैलवान एके काळी जत्रेतल्या कुस्त्या मारायचा, आता नुसत्या गप्पा मारतो, पोट टेबलाला टेकवून. आणि पुंजाराम. या माणसाची मला पहिल्यापासून शिसारी. दिवसभर तोंडात तंबाखू, आणि टचलाइनची चुन्याची रेघ त्याच्या पिचकाऱ्यांनी लाल व्हायची. मुलं थ्रो टाकायला यायची तर पाय कुठं ठेवावा हे त्यांना कळायचं नाही.

यंदा जिल्ह्याच्या लीगमध्ये आमची टीम नऊ मॅच खेळली. चार जिंकली, पाच बरोबरीत सुटल्या, हरली एकही नाही. शेवटची मॅच नगरच्या टीमशी होती. ती पोरं गोलावर गोल घालणारी. आम्हाला सेमीफायनलला जायला एक गुण पुरत होता. भाईनं दहाच्या दहा मुलं मागं खेचली आणि दीड तास मार खात, पडत, उठत त्यांनी तो एक गुण आणला. शून्य-शून्य. शिट्टी वाजल्यावर आमची मुलं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. नगरवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आमच्या टेम्पोत मात्र मयताला आल्यासारखी माणसं बसली होती.

कारण सांगतो. आमच्याकडं जत्रेत कुस्ती निकाली व्हावी लागते. दोन पैलवान नुसती खडाखडी करत बसले, कुणाची पाठ लागली नाही, तर पंच कुस्ती सोडवतात, आणि मग त्या दोघांना आखाड्यातून बाहेर जाताना कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. बरोबरी म्हणजे चुकारपणा, हे आमच्या रक्तात आहे. पैलवान शेवटची वीस मिनिटं एकच ओरडत होता, "अरं निकाली करा, निकाली." खोटं कशाला बोलू, शेवटच्या दहा मिनिटांत मीही ओरडलो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आक्काबाईच्या चहाच्या टपरीवर बैठक बसली. विषय एकच, गनीभाईला कोच ठेवायचा की काढायचा. आम्ही अकरा जण बाकांवर, आणि भाई समोर स्टुलावर, हाताचं काळं तेल चिंधीला पुसत. स्वतःच्या टीमबद्दल स्वतःच्या तोंडावर काय काय ऐकावं लागेल याची त्याला कल्पना नसावी. धुतलेला शर्ट घालून आला होता बिचारा.

"मॅनेजरला येळ द्यावा लागतो," बन्सीनं सुरुवात केली. "तिकडं तीन-तीन सीझन देत्यात."

"मग ठिवायचा म्हनतो का?" पैलवानानं विचारलं.

"तसं न्हाई. ह्यांना चार झाले ना."

मग मोजमाप निघालं. कोच चांगला कशावरून म्हणायचं? बन्सी म्हणाला कपावरून, आणि कप तर आलेला नाही. कुणी म्हणालं गोलांवरून, आणि नऊ मॅचमध्ये गोल सातच. कुणी म्हणालं, टीममधली किती पोरं पोलीस भरतीत लागली त्यावरून. फुटबॉलचा आणि भरतीचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. प्रत्येकाच्या हातात स्वतःची फूटपट्टी, आणि गंमत अशी की भाई प्रत्येकीत बोटभर कमीच भरत होता. जो माणूस चार वर्षांपूर्वी लीगच्या तळाशी असलेल्या टीमला घेऊन निघाला आणि यंदा एकही मॅच हरला नाही, त्याला ही माणसं नापास करत होती. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना. चहात बुडवलेली बिस्किटं चघळत ती माणसं एका माणसाचं मातेरं करत होती, आणि मधेच "आक्का, साखर कमी हाय" असंही म्हणत होती.

"नवातल्या पाच जिंकल्या न्हाईत," पैलवान म्हणाला. "हिशेब सरळ हाय."

"हरल्या पन न्हाईत," भीमा म्हणाला. हा जेसीबी चालवतो, सहसा बोलत नाही.

"न्हाई हरल्या म्हंजी काय? आखाड्यात गडी नुसता उभा ऱ्हायला तर त्याला फेटा बांधतो का आपन?"

तेव्हा भाईनं मान वर केली. "पैलवान, फुटबॉलात बरोबरीला एक गुन देत्यात," तो शांतपणे म्हणाला. "तुमच्या तालमीत देत न्हाईत, त्याला मी काय करू?"

एवढंच बोलला. आक्काबाई चुलीपाशी हसली, आणि त्या हसण्यानंच घात केला. पैलवानाचं तोंड लाल झालं. "हात वर करा," तो म्हणाला. "काढायचा म्हननाऱ्यांनी."

भाईनं मान खाली घातली आणि चिंधीनं एकच बोट पुसत राहिला.

एकेक हात वर जाऊ लागला. मी सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. मला नियम ठाऊक होता. तो एक गुण किती मोलाचा होता हेही ठाऊक होतं. पण पैलवानाची नजर बाकावरून फिरत फिरत माझ्याकडं आली, आणि उद्यापासून याच बाकावर आपल्याला बसायचं आहे हे माझ्या डोक्यात आलं. रिटायर माणसाला जायला दुसरी जागा नसते. माझा हात वर गेला. फार नाही, खांद्याइतका. शेण खाल्लं मी, दुसरा शब्द नाही.

"नऊ," बन्सीनं मोजले. भीमानं हात वर केला नव्हता. आणि पुंजारामनं केला नव्हता, पण त्याचे दोन्ही हात तंबाखू मळण्यात गुंतले होते, याला काय चाललंय याचा पत्ताच नसणार असं मला वाटलं.

भाईनं गळ्यातली शिट्टी काढली, टेबलावर ठेवली आणि वर न बघता निघून गेला.

सेमीफायनल बेलापूरच्या टीमशी होती आणि कोच पैलवान. त्यानं सगळ्या पोरांना पुढं घातलं. आम्ही सात-शून्यनं हरलो. पाचव्या गोलानंतर आमच्या गोलकीपरनं जाळीतला बॉल आणायचंच सोडून दिलं, समोरच्या टीमचा एक मुलगा आणून द्यायचा. आणि परतीच्या टेम्पोत ही माणसं चक्क खुशीत. "पन निकाली झाली," बन्सी म्हणाला. पैलवान मान डोलावत होता. मुलं मागच्या फाळक्याला टेकून बसली होती.

त्यानंतरच्या रविवारी मैदानावर शेण तसंच होतं. पैलवान बघून परत गेला. त्याच्यापुढच्या रविवारी मुलंच आली नाहीत. भाई शिकवणार असेल तर येतो, असा त्यांचा निरोप आला. मग टपरीवर कुजबुज सुरू झाली, आणि ज्यांनी हात वर केले तेच मला सांगायला लागले, "माऊली, तुमी बोला की भाईशी. तुमचं ऐकंल."

गेलो. भाई टायर उघडून बसला होता. बाजूच्या दगडावर पुंजाराम बसला होता, त्याच्याच मोटरसायकलचं चाक होतं ते. मी सगळं सांगितलं, मुलांचा निरोपही सांगितला. भाई ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत राहिला.

"त्या दिवशी मी वर बगितलंच न्हाई," तो म्हणाला. "कुनाचा हात वर हाय ते बगितलं असतं, तर उद्या त्याच्या गाडीचं पंक्चर काढू वाटलं नसतं. ह्याच गावात धंदा करायचाय मला."

"खरं आहे."

"पन नऊ मोजलेले ऐकले. म्हंजी दोगं माझ्या बाजूनं हुते. एक भीमा, त्यो मला दुसऱ्या दिवशी भेटून गेला. दुसरा कोन ते काय कळलं न्हाई." त्यानं ट्यूब बाहेर काढली आणि माझ्याकडं बघितलं. "माऊली, तुमी हुता ना?"

पुंजाराम तिथंच होता. दोन हातांच्या अंतरावर. मला वाटलं, आता हा बोलणार, आणि बोलला तर बरंच होईल. पण तो बोलायच्या आत मीच बोललो.

"हो," मी म्हणालो. "मीच."

भाईनं पुंजारामकडं बघितलं. नुसतंच, जसं आपण शेजारच्याकडं बघतो. पुंजारामनं तोंडातली तंबाखू गालात सरकवली.

"व्हय भाई," तो म्हणाला. "मी त्यांच्या शेजारीच बसल्तो. माऊलींचा हात खाली हुता."

भाईचा चेहरा उजळला. इतका की मला खाली बघावं लागलं. "मला वाटलंच," तो म्हणाला. "रविवारी येतो मग. पोरान्ला सांगा सातला या."

भाई परत आला. मुलं परत आली. टपरीवर सगळे म्हणतात की माऊलींनी टीम वाचवली. त्या नऊ हातांत एक माझा होता हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि त्यातल्या एकानंही भाईला ते सांगितलेलं नाही. पुंजारामशी मी त्या दिवसापासून बोललेलो नाही, मला जमत नाही. मी टपरीवर गेलो की तो बाकावर सरकून मला जागा करून देतो, आणि मी बसतो.