चार दिवे आणि माझी खरखर

मित्रांनो, मी वेल्ह्याच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावरचा एक जुना रेडिओ. सोनबांच्या खांद्यावर झोके घेत मी मेंढरांमागे पार भोंगवलीपर्यंत हिंडलो आहे. तेव्हा मला वाटे, आभाळच गाते आहे आणि मी नुसता ओठ हलवतो आहे.

सोनबा गेले. पुढे माझा काटा दोन स्टेशनांच्या मध्ये अडकला. गाणी गेली, खरखर उरली. कुठल्याशा दूरच्या विजांची, आभाळातल्या हालचालींची धूसर कुजबुज. ती कोणाला हवी?

परवा सोनबांची नात रत्ना पेचकस घेऊन माझ्यापुढे बसली. दुसऱ्या दिवशी भोरला विज्ञान प्रदर्शन होते. तिने केलेले चार लुकलुकते दिवे काही केल्या एका ठेक्यात लागत नव्हते. ते एकमेकांना जोडायला तिला माझ्या पोटातली तार हवी होती.

"फोडू नगंस गं त्याला," तिची आजी ठकुबाई म्हणाल्या. "तुझ्या आज्याचा हाय त्यो."

"आजे, नुसता खरखरतोय. काय उपेग त्याचा?"

सुलक्षणा आत्या पुण्याहून आली होती. या दिव्यांसारख्याच लुकलुकीचे ठोके जुळवून आकडेमोड करणारे संगणक बनवणे हे तिचे काम. ठोके चुकले की उत्तर चुकते.

"थांब रत्ने," ती म्हणाली. "तार नको काढू. ती खरखरच दे चौघांना. एकच, एकाच वेळी."

"आत्या, आणखीच बिघडतील की!"

ठकुबाई हसल्या. "माळावर वारा सुटला की मेंढरं एकमेकांकडं बघत्यात व्हय? तरी समद्यांची पाठ वाऱ्याला!"

माझ्या आवाजाच्या दोन तारा चारही दिव्यांपर्यंत गेल्या. रत्नाने आवाज फार वाढवला, तेव्हा दिवे बावचळले. आत्याने तो उतरवला. मग माझ्या कुजबुजीचा प्रत्येक हलका धक्का चौघांना सारखाच बसू लागला. पुढे गेलेला जरा थबके, मागे राहिलेला जरा सरके. हळूहळू चारही दिवे एकदम मिटू लागले, एकदम उघडू लागले, गाढ झोपेतल्या श्वासासारखे. रत्नाने पेचकस खाली ठेवला.

भोरला परीक्षकांनी विचारले, "बाळ, हा रेडिओ बिघडलाय का?"

"न्हाई सर," रत्ना म्हणाली, "कामावर हाय त्यो."

मित्रांनो, माझ्यासारखे कोणी तुमच्या घरी असेल, तर खोलण्याआधी घडीभर त्याच्याजवळ बसा. धूळ पुसा. आणि वापर नसेल तेव्हा सेल तेवढे काढून ठेवा. ते आत फुटले, की आमचा घसा कायमचा बसतो.