चौदा-पंधरा

सोमवार, ५ ऑगस्ट १९७४. सकाळपासून झिमझिम, ऊन नाही. ओलं काहीच लवकर वाळत नव्हतं. त्या दिवशी माझी दोन पानं एकमेकांना चिकटवली गेली.

मी दाखल क्रमांक तीनशे सतरा बोलतोय. हुबळीतल्या एका मराठी कन्याशाळेत, सातवीच्या वर्गातल्या काचेच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर, डावीकडून पाचवा. मुलांच्या गोष्टीचं चोवीस पानी पुस्तक. छापला गेलो पुण्यात. इथं आलो त्याच वर्षी जूनमध्ये, पार्सलातून.

माझ्या गोष्टीत चार मुली चालत जत्रेला निघतात. तेराव्या पानावर त्यांना तहान लागते. चौदा-पंधरावर दोन पानभर चित्र आहे. वाटेवर पाण्याचा माठ आहे, आणि चौघींतली जी मुलगी बौद्ध वाडीतली, जिला गावात कुणी माठाला हात लावू देत नाही, ती ओगराळ्यानं बाकीच्या तिघींना पाणी देते आहे. सोळाव्या पानावर जत्रा.

शाळेचे मुख्याध्यापक बाळाचार्य सर. त्यांनी मला चाळलं आणि चौदाव्या पानावर थांबले.

"गोदाबाई, ह्यावरनं पालक विचारतील."

गोदावरीबाई सातवीच्या बाई. पुस्तकांचं रजिस्टर त्यांच्याकडे. "मग पान काढायचं का, सर?"

"छे! पुस्तक फाडायचं पाप कोण घेणार?"

सर मला घरी घेऊन गेले. पुस्तकाला पाय लागला तर ते दोनदा नमस्कार करत. माझ्या पानांना खळ लावतानाही त्यांनी आधी नमस्कार केला. खळ त्यांच्या आईनं शिजवून दिली होती. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. सरांनी पुडी आणलीही होती. पण म्हातारी म्हणाली, "ते विष माझ्या सोवळ्याच्या पातेल्यात? बिलकुल नाही." मोरचुदाशिवायच खळ झाली. माझ्यावर दगडी वरवंटा ठेवला. वाळायला चार दिवस लागले.

दोन वर्षं मुली मला वाचत. तेरावरून सरळ सोळावर जात. मग एकीनं भर वर्गात विचारलं, "बाई, ह्यांना तहान लागलीती ना? पाणी कुणी दिलं?" त्याच दिवशी कपाटाला कुलूप लागलं. किल्ली सरांच्या जानव्याला.

आत हवा नव्हती. शेजारची पुस्तकं बिनतक्रार उभी होती. त्यांतल्या मुलांची घरं एकसारखी, दिवाळी एकसारखी. बाकीची माणसं त्यांत येत ती दारापर्यंत: अत्तर विकायला, जोडे शिवायला, अंगण झाडायला. काम झालं की पुढच्या पानावर ती नसत. स्वभावानं फार चांगली असत, एवढं मात्र लिहिलेलं असे. मी वेगळा आहे, असा मला अभिमान होता. पण जे वेगळं होतं तेच माझ्याच पोटात बंद होतं, आणि मी कपाटात.

काचेतून एवढंच दिसे. भिंतीवरचं घड्याळ, वर्गाचं दार, आणि दाराबाहेर तिवईवर ठेवलेला शाळेचा माठ.

१९७८ च्या जूनपासून मी सातवीत आलेल्या चंद्रभागाला पाहू लागलो. तिचे वडील भीमराव रेल्वेच्या वर्कशॉपात. सगळ्या मुली ओगराळं बुडवून पाणी घेत. ती ओंजळ धरून उभी राही. शाळेची शिपाईबाई दुर्गव्वा वरून धार धरी.

"स्वल्प माग सर गं. माठाला लागशील."

दुर्गव्वा जेवायला गेली की चंद्रभागा थांबायची. भिंतीवरच्या घड्याळात मी मोजत असे. एकदा बावीस मिनिटं. एकदा घंटा झाली, तशीच आत आली.

बुधवार, ७ मार्च १९७९. आभाळ निरभ्र, सकाळी नवालाच ऊन चटका देत होतं. इन्स्पेक्टर येणार म्हणून कपाट उघडलं आणि आम्हाला अंगणात सतरंजीवर उन्हात मांडलं. यादीवर खुणा करायला चंद्रभागा, पुस्तकं उचलून द्यायला तिच्याच वर्गातली जयलक्ष्मी.

जयलक्ष्मीनं मला उघडलं तेव्हा बारीक आवाज झाला. पांढरी पूड सांडली. पाच वर्षांत कसरीनं खळ खाऊन टाकली होती. चौदा-पंधरा आपोआप सुटली.

"अय्या, हे बघ! अगदी तुझ्यासारखी वेणी."

चंद्रभागानं पाहिलं. "माझ्यासारखी कशी? हिच्या हातात ओगराळं आहे."

दोघींनी मजकूर वाचला. तिघींची नावं होती. चौथीला मी नुसतं 'चौथी' म्हणत होतो. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"हिला नाव का नाही, बाई?" चंद्रभागानं विचारलं.

गोदावरीबाईंनी हातातल्या रजिस्टराचं पान उलटलं. चंद्रभागानं यादीच्याच पेन्सिलीनं 'चौथी'च्या वर बारीक अक्षरात लिहिलं: हिरा.

"कोण गं हिरा?"

"आमची आई. शाळेत कधी आली नाही. इथं तरी येऊ दे."

तेवढ्यात सर आले. सुटलेली पानं त्यांनी बोटानं चाचपली. "खळ सुटली कशी?"

"मोरचूद नव्हता ना, सर," गोदावरीबाई म्हणाल्या. "सोवळ्याची खळ. कसरीला गोड लागली असेल."

सरांनी मला मिटलं, स्वतः कपाटात ठेवलं, किल्ली फिरवली. पण वाचलेलं दोघींकडून काढून घेता आलं नाही.

दुपारी साडेबाराची सुट्टी. दुर्गव्वा जेवायला गेलेली. चंद्रभागा माठाजवळ उभी राहिली.

"थांब, मी घालते वरनं," जयलक्ष्मी म्हणाली.

"बेडा," चंद्रभागा म्हणाली. नको. तिनं स्वतः झाकण काढलं. ओगराळं बुडवलं. भरून जयलक्ष्मीसमोर धरलं. "तू धर ओंजळ."

दारात मुली जमल्या.

"आमची अज्जी मारेल गं."

"सांगू नको."

"मी नाही सांगितलं तर ह्या सांगतील. बघतायत बघ कशा."

पाणी ओगराळ्यातून ठिबकत होतं. मी काचेला टेकून होतो; दुसरं काही करता येत नव्हतं. जयलक्ष्मीनं ओंजळ पुढं केली. प्यायली. परत पुढं केली.

दाराशी बाळाचार्य सर उभे होते. त्यांनी चंद्रभागाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं.

"गोदाबाई, घंटा द्यायला सांगा."

घंटेला अजून नऊ मिनिटं होती.

त्यानंतर मला कुणी बाहेर काढलं नाही. आज शनिवार, २६ मार्च १९८३. ढगाळ, उकाडा. चौदाव्या पानाचा एक कोपरा कसरीनं खाल्ला आहे; पेन्सिलीचं नाव अजून वाचता येतं. पुढं कधी ही काच उघडणाऱ्या माणसाला माझी एवढीच विनंती आहे: ते नाव खोडरबरानं पुसू नका. आता त्या दिवसानंतर काचेतून जे दिसलं, तेवढं सांगून थांबतो.

गुरुवार, ८ मार्च १९७९. ऊन. रजिस्टरात माझ्यापुढं शेरा पडला: 'कसर लागलेली, देऊ नये.' माठ तिवईवर होता. वर्गात एकोणचाळीस मुली हजर. सव्वीस जणींनी माठातलं पाणी घेतलं. बारा जणींनी घरून तांब्या आणला. त्यांत जयलक्ष्मी होती. उरली एकटी चंद्रभागा. तिनं ओगराळं स्वतःच्या हातानं बुडवलं आणि पाणी प्यायली.