नववं नाव

चौघे

सुनीती फिजिओथेरपिस्ट. दर मंगळवारी दुपारी ती मॉसन लेक्स या उपनगरात बोहदानच्या घरी जायची, त्याच्या नव्या गुडघ्याला कामाला लावायला. म्हातारा नव्वदीचा, मूळचा युक्रेनचा. हात न टेकता खुर्चीतून दहादा उठायचं, एवढाच व्यायाम. पण तीन आठवडे टाळाटाळ चालली होती. आज तर मांडीवर फोटो असल्याने तो हलेचना.

फोटो शंभर वर्षांपूर्वीचा. लढाई हरून सीमेपलीकडे आलेल्या युक्रेनियन सैनिकांना पोलंडमध्ये तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. हाताला काम नाही, पोटाला बेताचंच. मग त्यांच्यातल्याच कुणीतरी कवायत सुरू केली, फुटबॉल, जिम्नॅस्टिक्स. फोटोत दहा जणांचा मनोरा: खाली चौघे ओणवे, त्यांच्या पाठीवर तिघे, मग दोघे, वर एक. मागे निळ्या पेन्सिलीने दहा नावं. नववं बोहदानच्या वडिलांचं. तो दोन वर्षांचा असताना ते जे गेले ते परत आले नाहीत. त्यांचा दुसरा फोटो नव्हता.

शनिवारी युक्रेनियन हॉलमध्ये हा फोटो भिंतभर मोठा करून लागणार होता. ज्याचा माणूस, त्याने त्यावर बाण चिकटवायचा. बोहदान चिकटवणार नव्हता. वरून मोजत आलं की नववा खालच्या रांगेत येतो, आणि त्या चौघांच्या माना खाली, तोंड एकाचंही दिसत नाही.

"लोकांना टाळू दाखवू?" तो म्हणाला. "आयुष्यभर मी त्या टाळूशीच बोलत आलोय."

तिघे

सुनीतीने फोटो उलटा केला. अक्षरं तिला येत नव्हती, आकडे येत होते. प्रत्येक नावापुढे एक: ७८, ७६, ७५, ७४, ६९, ६८, ६६, ६०, ५९, ५२. हे काय, तिने विचारलं. बराकींचे नंबर, असं आई सांगायची, तो म्हणाला.

बराकी अशा ओळीने उतरत येतात का, हे ती मनातल्या मनात म्हणत होती, तोच तिला ठाण्याच्या शाळेतले विलास सर आठवले. स्नेहसंमेलनाच्या आधी ते मनोऱ्यातल्या पोरींना वजनकाट्यावर उभं करायचे आणि नावापुढे किलो लिहायचे. सगळ्यात जड ती आधी. मनोरा खालून रचतात, म्हणून नावंही खालूनच पुकारायची. सलग तीन वर्षं पहिलं नाव सुनीतीचं. आणि तीनही वर्षं आई फोटोत तिचं तोंड शोधत बसली.

"ही वजनं आहेत," ती म्हणाली. "तुम्ही उलटं मोजलंत. खालून मोजा."

दोघे

त्याने बोट ठेवलं. खालचे चार. वरचे तीन, सात झाले. आठवा. नववा.

वरच्या जोडीतला उजवीकडचा. एकोणसाठ किलोचा, विशीतला पोरगा, एक हात लांब केलेला, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारा. हसू दाबल्यामुळे ओठ एका बाजूला गेलेले. कान दोन्हीकडे बाहेर आलेले, टोपी अडकवायला खुंट्या असाव्यात तसे.

बोहदानचा हात सावकाश स्वतःच्या कानाकडे गेला.

"शाळेत मला फार चिडवायचे यावरून," तो म्हणाला. "आईला विचारलं, हे कुणाचे? ती नुसती रडायची."

आणि तो हसला. ओठ एका बाजूला नेऊन.

एक

मग बाण शोधायला तो खुर्चीतून उठला, हात न टेकता. सुनीतीने मोजलं, पण बोलून दाखवलं नाही.