मागाखालची झोप

अफूचं सरकारी दुकान बंद झालं आणि सक्करदऱ्याचा विणकर श्रावण अफूविना इस्पितळातल्या आमच्या वॉर्डात तडफडत पडला. तो पाणी मागत होता. मी ज्यांना शिकवत होते त्या नर्स मुली नाकाला पदर लावून दूर उभ्या. त्यांतली शामला म्हणाली, "अफीमची हाय बाई, मरू द्या त्याले."

माझं डोकंच फिरलं. "तुझी आई मागावर बसते ना गं? तान्हं पोर रडलं की काय करते?"

"मोहरीएवढी अफू चाटवते. पोर मागाखाली निजून राहते."

"यालाही आईनं तसंच निजवलं होतं. पुढं ती सवय सोडवायची राहून गेली."

शामलानं पुढं होऊन श्रावणचं डोकं उचलून पेला ओठांना लावला. अर्धं पाणी उशीवर सांडलं.

"बाई, माह्या भाचीले माह्या आईनं आज सकाळीच चाटवली."